आखूड दांडी

मास्तरांची जीभ मुळातच तिखट, आणि तीस वर्षं ड्रायव्हिंग शिकवून तिला आणखी धार चढली होती. शेजारच्या सीटवर बसायचं, पायाखाली जादा ब्रेक ठेवायचा आणि घामाघूम झालेल्या माणसाला म्हणायचं, "अहो, गाडी आहे ही, पाळणा नाही. झुलवू नका." शिकणारा हसायचा, त्याची भीती जायची, गाडी पुढे सरकायची. टोमणा हे औषधच आहे, अशी मास्तरांची त्यामुळे पक्की समजूत होऊन बसली होती.

दर रविवारी सकाळी दहाला त्यांच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या वर्गात चौघं जमत. चौघंही हौशी आणि चौघंही बेस गिटार, म्हणजे सहाऐवजी चारच जाड तारांची खर्जातली गिटार, वाजवणारे. भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचे तक्ते, कोपऱ्यात आडवं कापून उघडं केलेलं इंजिन, आणि मधे चार खुर्च्या व दोन स्पीकर. नुसत्या बेसवाल्यांनी एकत्र येऊन करायचं काय, असं मास्तरांच्या बायकोनं एकदा विचारलं होतं. मास्तर म्हणाले, "अगं, प्रत्येक बँडमध्ये बेसवाला एकटाच असतो. त्यानं मन मोकळं करायचं कुणाजवळ? ढोलवाल्याजवळ?"

मन मोकळं करायचं म्हणजे भांडायचं. लिफ्ट दुरुस्त करणारा एक जण होता, त्याला सगळे लिफ्टवालाच म्हणत. त्यानं अकरा वर्षांत तारा बदलल्या नव्हत्या.

"नव्या तारा घातल्या की आवाजातला मुरलेपणा जातो," तो म्हणायचा.

"मुरलेपणा कसला, गंज आहे तो," सिस्टर म्हणायच्या. त्या हॉस्पिटलात नर्स होत्या. "तुमच्या बेसला हात लावायचा तर आधी धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला हवं."

"आणि तुमची ती पाचवी तार, सिस्टर? वाजताना कुणी ऐकलीय?"

"अडीनडीला असावी म्हणून ठेवलीय."

"पाचवी तार म्हणजे पाहुण्यांची खोली," मास्तर निकाल द्यायचे. "वर्षभर बंद, पण झाडायची रोज."

चौथे बाइंडरदादा. त्यांचं पुस्तकबांधणीचं दुकान होतं. ते वयानं सगळ्यांत मोठे आणि बोलायला सगळ्यांत कमी. एखादा किस्सा सांगायचे तोही हळू, मान खाली घालून. "परवा एका समारंभात एक गृहस्थ जवळ आले. म्हणाले, तुमच्या गिटारच्या दोन तारा कुठं गेल्या? म्हटलं, मीही तेच शोधतोय." मग सगळे हसले की आपणही हसायचे.

मास्तरांना बेस शिकवला तो या दादांनीच. चाळीस वर्षांपूर्वी दोघांची घरं समोरासमोर होती आणि अख्ख्या गल्लीत बेस एकच होता, दादांचा. मास्तर तेव्हा सोळा वर्षांचे, काडीसारखे. दादांनी त्यांची बोटं एकेक करून पडद्यांवर ठेवली होती. "घाई करू नकोस, छोट्या. ढोल पुढे पळतोय ना, पळू दे. तू त्याच्या पाठीवर हात ठेवून चालायचं." मास्तरांचं पोट सुटलं, केस गेले, जावई आला, तरी दादांच्या तोंडी ते 'छोट्या'च राहिले. साऱ्या जगात त्यांना या नावानं हाक मारणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं.

त्या वर्षी सिस्टरांनी एक टूम काढली. हॉस्पिटलच्या कर्मचाऱ्यांच्या वार्षिक कार्यक्रमात चौघांनी मिळून वाजवायचं. नुसते चार बेस, बाकी काही नाही. वाजवायची ती दादांनी तरुणपणी बांधलेली एक संथ चाल. तिला नाव नव्हतं. दादांनी आढेवेढे घेतले, पण कान लाल झाले होते, म्हणजे आतून खूश होते. मास्तरांनी लगेच सूत्रं हाती घेतली. कोण कुठून सुरू करणार, कोण कुठे थांबणार, सगळं फळ्यावर लिहून काढलं.

कार्यक्रमाला महिना उरला असेल. त्या रविवारी दादा थोडे उशिरा आले. पाठीवर नेहमीची लांबलचक पिशवी नव्हती, तिच्याहून बरीच लहान होती. आतून त्यांनी एक नवाकोरा बेस काढला. अंगानं हलका, दांडी आखूड, पडदे जवळजवळ.

"हा घेतलाय," दादा म्हणाले. "वाजवून दाखवू का?"

त्यांनी पट्टा खांद्याला अडकवायच्या आतच मास्तर उठले. "अरे वा! दादा, याची आई कुठाय? एकट्याला कसं पाठवलं तिनं?"

लिफ्टवाला खो-खो हसत सुटला. सिस्टरही हसल्या. दादासुद्धा हसले. समोरचे हसले की मास्तरांना राहवत नसे. त्यांनी तो बेस दादांच्या हातातून घेतला, मूल घ्यावं तसा खांद्यावर टाकला आणि थोपटत वर्गभर फिरले. "दूध प्यायलं का बाळ? ढेकर दिली का?" लिफ्टवाल्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

मग मास्तर एकदम गंभीर झाले आणि बेस परत देत म्हणाले, "पण दादा, कार्यक्रमात हा चालायचा नाही हं. लोक हसतील. तुझा जुनाच आण."

दादा क्षणभर त्या बेसकडे बघत राहिले. "बरं," ते म्हणाले. त्यांनी तो पिशवीत घातला, चेन ओढली, आणि त्या दिवशी सिस्टरांच्या बेसवर थोडं वाजवल्यासारखं करून लवकर निघून गेले. वाजवून दाखवू का, असं त्यांनी विचारलं होतं, हे कुणाच्याच लक्षात राहिलं नाही.

पुढच्या रविवारी जुना बेस आला. दादा स्वतःचीच चाल वाजवताना अडखळायला लागले. खालच्या पडद्यांवर, जिथं बोटं जास्त फाकवावी लागतात, तिथं हमखास सूर घसरायचा. मास्तरांनी चार वेळा थांबवलं. पाचव्यांदा म्हणाले, "दादा, भर रस्त्यात ब्रेक काय मारतोस? मागच्या गाड्या आदळतात ना! सराव कर जरा घरी."

दादांनी डावा हात मांडीवर उपडा ठेवला आणि उजव्या हातानं झाकला. "करतो," म्हणाले.

त्यानंतरच्या बुधवारी फोन आला. दुकानात एका कॉलेजच्या ग्रंथालयाचं मोठं काम आलंय, अडीचशे पुस्तकं, रविवारचंही बसावं लागेल. "तुम्ही तिघं वाजवा, छोट्या. माझा भाग तुला पाठच आहे."

मास्तर थोडे रागावलेच. म्हणाले, "ऐन वेळी पाठ दाखवतोस, दादा?"

"तसं समज," दादा म्हणाले.

कार्यक्रम झाला. दुपारी, हॉस्पिटलच्या भोजनगृहात, टेबलं भिंतीला लावून. दादांचा भाग मास्तरांनी वाजवला आणि चांगला वाजवला. टाळ्या पडल्या. एक वयस्क डॉक्टर येऊन म्हणाले, "ही चाल कुणाची? छातीत ऐकू येत होती." मास्तरांनी दादांचं नाव सांगितलं आणि मनात म्हणाले, बघ, आला असतास तर.

नंतर स्पीकरच्या वायरी गुंडाळताना सिस्टर सहज बोलून गेल्या, "दादांच्या बोटांना आता काय म्हणताहेत डॉक्टर?"

"कसल्या बोटांना?"

सिस्टर थांबल्या. "संधिवात आहे ना त्यांना. डाव्या हाताला. मागच्या वर्षापासून. मला दिसलं म्हणून मी विचारलं होतं, तर म्हणाले, मास्तरला मीच सांगतो. म्हणूनच तर तो लहान बेस घेतला ना. दांडी आखूड असली की बोटं फाकवावी लागत नाहीत." मग मास्तरांच्या चेहऱ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, "तुम्हाला माहीत आहे असं वाटलं मला. म्हणून मीही हसले. जवळची माणसं दुखण्याची थट्टा करतात, तसं असेल म्हटलं."

मास्तरांनी हातातली वायर गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

खरं तर त्याच संध्याकाळी जायला हवं होतं. दादांचं घर गाडीनं दहा मिनिटांवर. पण मास्तरांना जाण्याआधी पहिलं वाक्य हवं होतं. आयुष्यभर त्यांनी कुठलाही दरवाजा थट्टेनं उघडला होता, आणि या दरवाज्यासाठी थट्टा सापडत नव्हती. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता अडीच महिने गेले. दुकानावरून दोनदा गाडी नेली. एकदा काचेतून दादा दिसले, दाबयंत्राचं चाक फिरवत होते, दोन्ही तळव्यांनी, बोटं न लावता. मास्तरांनी गाडी तशीच पुढे काढली. शेजारी बसलेल्या शिकाऊ मुलीनं विचारलं, "सर, इथं डावीकडे वळायचं होतं ना?" ते म्हणाले, "पुढून वळू."

शेवटी एका शनिवारी दुपारी गेले. हात हलवतच गेले. वहिनींनी दार उघडलं आणि नेहमीसारखं म्हणाल्या, "या, वाट चुकलात का?" दादा खिडकीपाशी बसले होते. हाताखाली गरम पाण्याची पिशवी होती.

"छोट्या! ये, बस."

"दादा," मास्तर उभ्याउभ्याच म्हणाले, "मला माहीत नव्हतं रे."

"हां. मी सांगितलंच नव्हतं, तर कळणार कसं?"

"मी जे बोललो ते..."

"अरे, तू कधी बोलला नाहीस? तुझं बोलणं मनाला लावून घेतलं असतं तर चाळीस वर्षं कशी निघाली असती?" दादांनी हसून खुर्चीकडे बोट केलं. ते बोट सरळ होत नव्हतं. "तुझ्यामुळे नाही सोडलं. हातच चालेना."

"मग तो लहान बेस तरी? त्यावर बसू ना आपण दोघं. मी येतो इथं, पाहिजे तर रोज येतो."

"तो दिला रे. भाचीला दिला. तिला शिकायचंय म्हणे." दादांनी विषय बदलला. जावई कसे आहेत, गुडघा काय म्हणतो, नव्या गाड्यांत गिअरच नसतात हे खरं का. तासभर बोलले. दादा मनापासून बोलत होते, राग असा कुठे दिसला नाही. तो दिसला असता तर मास्तरांना बरं वाटलं असतं. रागाशी भांडता तरी येतं.

निघताना वहिनी जिन्यापर्यंत आल्या. मागे दार ओढून घेत म्हणाल्या, "भावजी, एक विचारू?"

"विचारा ना."

"दोन महिने तो छोटा बेस घेऊन बसायचे. दुपारी जेवण झालं की दुकान अर्धा तास बंद ठेवायचे आणि मागच्या खोलीत वाजवायचे. त्या दिवशी जाताना म्हणाले, आज छोट्याला दाखवतो. आले, कपाटावर ठेवला, पुन्हा हात लावला नाही. मी विचारलं, तर म्हणाले काही नाही, हसले सगळे." त्या जराशा अडखळल्या. "म्हणजे तुम्ही नेमकं काय म्हणालात?"

जिन्यात अर्धवट उजेड होता. खालच्या मजल्यावर कुणीतरी सायकलला हवा भरत होतं. खोटं सांगता आलं असतं, पण वहिनी रागानं विचारत नव्हत्या. घरातली एखादी वस्तू कुठं हरवली ते शोधावं, तसं विचारत होत्या. मास्तरांनी कठडा धरला आणि सांगितलं. याची आई कुठाय, एकट्याला कसं पाठवलं. मग खांद्यावर घेऊन फिरलो. मग दूध प्यायलं का बाळ. ढेकर दिली का. एकेक वाक्य, आहे तसं. त्या दिवशी ज्यावर वर्ग डोक्यावर घेतला होता, त्यातलं एकही वाक्य आता हसण्यासारखं वाटेना.

वहिनींनी सगळं ऐकून घेतलं. "एवढंच?" त्या म्हणाल्या.

"मग म्हणालो, हा चालणार नाही, लोक हसतील."

"अच्छा," वहिनी म्हणाल्या. त्यांनी मान हलवली, जणू शोधत होत्या ती वस्तू सापडली. "जपून उतरा. तिसरी पायरी तुटलीय."

त्यानंतर रविवारची बैठक चालू राहिली, पण मास्तरांचं तोंड मिटलं. सहा महिन्यांनी एक नवा माणूस यायला लागला, बँकेत कॅशियर, बोटांऐवजी प्लास्टिकच्या पिकनं, चपट्या तुकड्यानं, तारा छेडणारा. लिफ्टवाल्यानं मोठ्या आशेनं मास्तरांकडे पाहिलं. पिकवर त्यांचा किती राग ते सगळ्यांना ठाऊक होतं. मास्तर म्हणाले, "छान. पुढे वाजवा." लिफ्टवाला सिस्टरांना बाजूला घेऊन म्हणाला, "मास्तरांची तब्येत बरी नाही का हो?" ड्रायव्हिंगच्या गाडीतही ते गप्प असत, आणि गंमत म्हणजे शिकणारे आता जास्त घाबरायला लागले.

दादांकडे ते महिन्यातून एकदा जातात, कधी दोनदा. दादा वाट बघतात, वहिनी चहा करतात. हवेविषयी बोलणं होतं, औषधांविषयी होतं, भाड्याच्या वरच्या खोलीत आलेल्या कटकट्या बिऱ्हाडाविषयी होतं. बेसचा विषय दोघंही काढत नाहीत. एकदा रेडिओवर गाणं चालू होतं आणि त्यातला बेस फार सुंदर होता, खाली, मागे, अगदी शांत. दोघांनीही तो ऐकला, दोघांनाही कळलं की दुसऱ्यानं ऐकला. पूर्वी अशा वेळी दादा टेबलावर बोटानं ठेका धरायचे आणि "बघ, बघ, कसा थांबलाय बघ" म्हणायचे.

मास्तरांनी त्यांच्याकडे पाहिलं. दादा उठले आणि खिडकी लावून घ्यायला गेले. म्हणाले, "वारं सुटलंय."

"हो," मास्तर म्हणाले, "सुटलंय खरं."