फुगलेल्या पक्ष्याचा फोटो

मी एक जुना लाकडी फीडर आहे, मित्रांनो. अंगणातल्या खांबावर पक्ष्यांसाठी दाणे ठेवतात, तो. वस्तूंची आत्मवृत्तं तुम्ही शाळेत वाचली असतील. त्यांत वस्तू गुणी असते आणि माणसं तेवढी विसरभोळी. माझं तसं नाही. माझ्यावरचे दाणे खाऊन तीन पक्षी मेले. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे गोड बोलायची पाळी येणार नाही.

माझा जन्म एका इस्पितळाच्या मागच्या सुतारखोलीत झाला. त्या इस्पितळाच्या स्वयंपाकघरात माझ्या मालकिणीने, सगळे जिला मावशी म्हणायचे तिने, एकतीस वर्षं काढली. आधी भांडी घासायला, मग वाढायला, शेवटी सगळ्यांवर ओरडायला. ती निवृत्त झाली तेव्हा सगळ्यांनी मिळून तिला भिंतीवरचं घड्याळ दिलं. आता हिला वेळ बघून करायचं काय होतं, देव जाणे. सुतार मात्र विचारायला आला, "बाई, तुम्हाला खरंच काय हवंय?"

"सकाळी उठून कुणाला तरी वाढायची सवय लागलीय, सुतारदादा. आता वाढू कुणाला? घड्याळाला?"

सुताराने स्वयंपाकघरातल्या मोडक्या फडताळाची फळी काढली आणि त्यातून मला घडवलं. चार खांब, वर उतरतं छप्पर, खाली काठ असलेला तळ आणि पाणी साचू नये म्हणून तळाला सहा भोकं. देताना म्हणाला, "रंग लावलेला नाही, पॉलिशही नाही. पाखरांच्या पोटात जातं ते. फक्त एक करा, दर आठवड्याला धुवा."

"भांडी धुवायला तू मला शिकव आता," मावशी म्हणाली.

पुढची सहा वर्षं मी राजासारखा जगलो. दर शनिवारी ती मला खांबावरून उतरवायची, शिळे दाणे झटकायची, कढत पाण्याने आणि ताठ ब्रशाने असं घासायची की माझ्या जागी ताट असतं तर त्यात तोंड दिसलं असतं. मग उन्हात उताणा ठेवायची आणि पूर्ण वाळल्याशिवाय दाणे घालायची नाही. पक्षी कुंपणावर बसून कलकलाट करायचे. ती त्यांना म्हणायची, "गप बसा. उष्ट्या ताटात वाढलेलं चालेल का तुम्हाला? चालेल मेल्यांनो, म्हणून तर मी आहे."

मला ती 'खानावळ' म्हणायची आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला नाव ठेवायची. एक पक्षी नकोसा दाणा फेकून हवा तोच उचलायचा, तो 'मुकादम'. दोन चिमण्या दाण्यांपेक्षा एकमेकींच्याच मागे, त्या 'जावा'. आणि हिरवट अंगाचा, जाड चोचीचा एक, जो ठाण मांडून बसायचा आणि कुणाच्या बापासाठीही उठायचा नाही, तो 'ठोंब्या'.

मग मावशी पडली. ओल्या फरशीवरून पाय सरकला आणि कमरेपाशी हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, चालायला वॉकर मिळाला, आणि तिचं जग एका खोलीएवढं झालं. तिचा पलंग खिडकीशी लावला. खिडकीसमोर मी. तिचं बाहेरचं सगळं जग म्हणजे मी आणि माझी गिऱ्हाइकं. तासन् तास ती आम्हाला बघायची.

माझं काम लेकीकडे आलं. लेक वाईट नव्हती, हे लिहून ठेवा. ती एका फोटो स्टुडिओत होती. दिवसभर पासपोर्टचे फोटो. "हनुवटी वर. हसू नका. हलू नका." संध्याकाळी त्याच फोटोंतले फोड, डाग, घामाचे ओघळ संगणकावर पुसायचे. घरी आल्यावर आईचं सगळं करायचं. कुणीही आंबलं असतं. तिने एक जुना कॅमेरा मिळवला आणि आईच्या पलंगाशी स्टूल टाकून माझ्यावरच्या पक्ष्यांचे फोटो काढायला लागली. दोघी शेजारी बसून एकाच खिडकीतून बघायच्या. मलाही ते दिवस आवडले होते.

पण बघण्या-बघण्यात फरक असतो, मित्रांनो. मावशी पक्षी बघायची. लेक फोटो बघायची.

मावशी इस्पितळात असताना मला कुणी धुतलं नव्हतं. ती घरी आल्यावरचा पहिला शनिवार आला. "खानावळ धुतलीस का गं?"

"राहू दे ना आई. शेवाळ आलंय त्याच्यावर, फोटोत इतकं सुरेख दिसतं! लाकूड कसं जुनंपुराणं, जंगलातलं वाटतं. धुतलं की पोळपाट दिसतो तो."

जिचा खांदा धरून मावशीने न्हाणीपर्यंत जायचं, तिला टोकायचं तरी किती वेळा? दुसऱ्या शनिवारी हळू आवाजात विचारलं. तिसऱ्या शनिवारी विचारलंच नाही.

माझं काय झालं ते सांगतो. सहाच्या सहा भोकं टरफलांनी बुजली. तळाशी पाणी साचलं. त्यात दाणे कुजले, वर विष्ठा पडली, आणि त्यावर रोज नवे दाणे. म्हणजे घाणीवर पंगत. लोक यायचे, बघायचे आणि म्हणायचे, "वा! किती नैसर्गिक!" नैसर्गिक कसलं डोंबलाचं? जंगलात शंभर पक्षी एका हातभर फळीवर जेवत नाहीत. ते माणसाने मांडलेलं ताट आहे, आणि ताट मांडणाऱ्याने ते धुवायचं असतं.

एके दिवशी ठोंब्या आला तो चेंडूसारखा फुगून. पिसं पिंजारलेली, मान आत. हातभर अंतरावर लेकीचा कॅमेरा, तरी हलला नाही. लेक आनंदाने कुजबुजली, "आई, हा बघ! दिवसभर लोकांना 'हलू नका' सांगून घसा सुकतो माझा, आणि हा न सांगता बसलाय." तिने चाळीसेक फोटो काढले. त्यातला एक गावातल्या पक्षीमित्र मंडळाकडे पाठवला. मंडळ हरखलं. 'काय गुबगुबीत!' 'काय गोड!' प्रदर्शनाच्या जाहिरातीवर तोच छापायचा ठरला. शिवाय अध्यक्षांचा फोन आला, "याच पक्ष्याचे, याच फीडरवरचे आणखी चार फोटो द्या. अख्खी भिंत तुमची."

लेकीला आयुष्यात कुणी भिंत दिली नव्हती. ती रडली. प्रदर्शनाला बारा दिवस होते.

मावशी मात्र त्या दिवसापासून अस्वस्थ. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "ठोंब्या गिळत नाहीये."

"म्हणजे?"

"दाणा उचलतो, चावतो, टाकतो. तोच ओला दाणा दुसरा उचलतो. आज सकाळपासून सोळा वेळा, मोजलं मी. खाली उतरव ती खानावळ."

"आई, दहा दिवस थांब. मग उतरवते, धुते, हवं तर रंगवते."

"दहा दिवसांनी भिंत राहील. पाखरं राहतील का?"

"तू ना, उगाच! थंडीत फुगतात ते. सगळ्या पुस्तकांत आहे."

"ऊन पडलंय बाहेर. मला काय आंधळी समजतेस?"

बोलणं तिथेच तुटलं. दुसऱ्या दिवशी जावांमधली एक माझ्या तळावर मरून पडली होती. लेकीने ती कागदात गुंडाळून नेली आणि आईला सांगितलं, मांजर असेल. मांजर माझ्या खांबावर चढू शकत नाही. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो.

त्या संध्याकाळी लेकीने मोठा छापलेला फोटो आईला दाखवायला आणला. मनात असणार, हा बघून तरी आई हसेल. मावशीने चष्मा लावला. बराच वेळ बघितला. मग विचारलं, "ह्याच्या चोचीला लागलेलं कुठे गेलं?"

"काय लागलेलं?"

"चोचीभोवती चिकट होतं. कण अडकलेले. गळ्याची पिसं ओली होती. मी इथून रोज बघते. फोटोत तर लख्ख दिसतोय."

लेक म्हणाली, "ते मी पुसलं. संगणकावर. घाण दिसत होती."

"आणि डोळा?"

"अर्धा मिटला होता... जरा उघडून घेतला."

मावशीचा आवाज चढला नाही, उलट उतरला. "अगं, इस्पितळात ताटं परत यायची ना, तेव्हा मी उष्टं बघायचे. कुणी भात नुसता चिवडला, कुणी घास तोंडातून परत काढला. नर्सला जाऊन सांगायचे, सात नंबरचा गिळत नाहीये. आजार उष्ट्यात दिसतो, पोरी. तू तोच पुसलास."

लेकीने कॅमेऱ्यातले मूळ फोटो उघडले. एकेक मोठा करून बघितला. चाळीसच्या चाळीस फोटोंत तो पक्षी तिला सांगत होता की मी मरतोय, आणि तिने त्याचा फुगलेपणा तेवढा ठेवून बाकी साफ केलं होतं. तिने जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर म्हणाले, घशाचा रोग असणार, उष्ट्या दाण्यांतून आणि ओल्या घाणीतून पसरतो. फीडर आज उतरवा, दाणे जाळा, तीन आठवडे काही ठेवू नका, म्हणजे पाखरं पांगतील. आणि हो, धुताना हातमोजे घाला.

ती फोन ठेवून आईकडे वळली. "तीन आठवडे, आई. तुझ्या खिडकीत काहीच नसेल."

"कळलं मला. ब्रश मोरीखाली आहे."

तिने मला उतरवलं, अंधार पडायच्या आत. ठोंब्या कुंपणाच्या मुळाशी मेलेला सापडला. त्याच्या पलीकडे आणखी एक, ज्याला नाव नव्हतं. तिने दोघांना पुरलं आणि मला घासायला बसली. माझी भोकं खिळ्याने एकेक मोकळी केली. शेवाळ निघताना ती माझ्याशी बोलत नव्हती, स्वतःशी बोलत होती. काय ते मी सांगणार नाही.

दुसऱ्या दिवशी तिने मंडळाला न पुसलेला फोटो नेऊन दिला, खाली काय घडलं ते लिहून. अध्यक्ष म्हणाले, "अहो, लोक लहान मुलांना घेऊन येतात. असलं कशाला? तो गोडवालाच राहू द्या की." तिने दोन्ही काढून घेतले. भिंत दुसऱ्याला गेली. आजारी पक्षी बघायचा नाही आणि पक्षीमित्र म्हणवून घ्यायचं! अशा मित्रांपेक्षा मांजर बरं. ते निदान भूक लागली म्हणून मारतं.

तीन आठवडे मी भिंतीला टेकून उन्हात होतो. समोर नुसता खांब. मावशी तरीही रोज खिडकीशी बसायची. लेकीला ते बघवेना. एकदा तिने विचारलं, "काय बघतेस गं तिथे? काही नाहीये."

"तेच बघते. रिकामं बघवतं मला. ते फुगलेलं बघवत नव्हतं."

बाविसाव्या दिवशी लेकीने मला पुन्हा खांबावर चढवलं. दाणे मूठभरच, एका दिवसात संपतील एवढे. दुपारपर्यंत कुणी आलं नाही. मग मुकादम आला. नकोसे दाणे फेकले, हवा तो उचलला आणि गिळला. मावशी पलंगावरून ओरडली, "गिळला गं, गिळला!" लेकीच्या हातात कॅमेरा होता. फोटो काढायचा राहून गेला.

आता शनिवारी लेक आधी मला धुते, मग स्टुडिओत जाते. फोटो अजून काढते, पण पुसत नाही. मंडळाला मी आता पोळपाट दिसतो.

मित्रांनो, तुम्ही कुठेतरी असाच एक फीडर टांगला असेल. तुमच्याही घरी कुणी म्हणत असेल, किती गोड, फोटो काढ. काढा. पण त्याआधी त्याच्या तळावरून एक बोट फिरवा आणि ते बोट नाकाशी धरा. वास आला तर कॅमेरा खाली ठेवा आणि पाणी तापवा. पाखरांना ते कळत नाही, ती भुकेली असतात. आणि मी लाकूड आहे. मला माझं अंग धुता येत नाही.