जयंतीबाईंची उशी

तंबूची चेन वर ओढली तर समोर गाय.

जयंतीबाईंनी चेन पुन्हा खाली ओढली, चाचपडत चष्मा शोधला, तो डोळ्यांवर चढवला आणि चेन दुसऱ्यांदा उघडली. गाय होतीच. तांबूस, भरल्या अंगाची, गळ्यात घंटा, आणि चेहऱ्यावर नुकत्याच बदली होऊन आलेल्या हेडक्लार्कचा भाव. तिच्या शेजारी कॅम्पचे मालक ओनोदेरा-सान कमरेतून वाकून उभे होते.

"उशी," दोन्ही हातांनी गाय पुढे करत ते म्हणाले.

बाईंनी गाईकडे पाहिलं, ओनोदेरांकडे पाहिलं, आणि मग मागे वळून नातीकडे पाहिलं. आठ वर्षांची आर्या तंबूच्या कोपऱ्यात अतिशय एकाग्रतेने बुटाची नाडी बांधत होती. तिच्या बुटांना नाड्या नव्हत्या.

प्रकरण असं होतं. जयंतीबाईंनी पुण्यातल्या शाळेत चौतीस वर्षं भूगोल शिकवला. झांबियातली लुआंग्वा नदी त्यांनी फळ्यावर इतक्यांदा काढली होती, की डोळे मिटून काढली तरी प्रत्येक वळण जागच्या जागी पडायचं. आता त्या नदीकाठी, हत्तींच्या वाटांवरून पायी हिंडायचं आणि रानातल्या तंबूत राहायचं, एवढंच त्यांनी अडुसष्टाव्या वर्षी मागितलं होतं. त्यांचा मुलगा संजीव टोकियोत हिगाशी-कसाईला राहायचा आणि कावासाकीतल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचा. प्रोग्रॅममधल्या चुका काढणं हा त्याचा पेशा आणि आईतल्या चुका काढणं हा छंद. आई जपानला आली तशी त्याने अट घातली.

"आधी इथे तीन दिवस चालून दाखव. मग आफ्रिका."

'इथे' म्हणजे उत्तर जपानातल्या इवातेच्या डोंगरात. ओनोदेरांनी वीस वर्षं झांबियात पाहुण्यांना रानातून पायी फिरवलं होतं. दोन हजार अकराच्या भूकंपानंतर म्हाताऱ्या आईजवळ राहायचं म्हणून ते गावी परतले, आणि हत्ती-सिंह सोडून बाकी सगळं बरोबर घेऊन आले. तेच खाकी तंबू, झाडाला टांगलेल्या बादलीखाली तीच आंघोळ, तेच नियम. एकामागे एक चालायचं. बोलायचं नाही. ओनोदेरांचा हात वर गेला की थांबायचं. आणि समोर काहीही आलं तरी पळायचं नाही. तीन दिवस हे पाळणाऱ्याला लाल शिक्क्याचं प्रमाणपत्र मिळायचं. संजीवची अट त्या प्रमाणपत्रावर होती, आणि लक्ष ठेवायला तो आर्याला घेऊन स्वतःही बरोबर आला होता.

पहिल्या दिवशी एका सशासाठी सगळे अकरा मिनिटं श्वास रोखून उभे राहिले. पुढे एका वळणावर ओनोदेरा बाईंच्या कानाशी अदबीने पुटपुटले, "शिका." चौतीस वर्षं दुसऱ्यांना हेच सांगण्यात गेलेल्या बाईंनी नम्रपणे मान डोलावली. तेव्हा आर्याने डोक्याला दोन्ही हातांच्या बोटांची शिंगं लावून झाडीकडे दाखवलं. तिथे हरीण उभं होतं. जपानीत हरणाला शिका म्हणतात. आर्या त्यावर दिवसभर हसत होती. मराठी तिला सगळी कळायची, पण उत्तर यायचं ते जपानीत.

घोळ मानेचा झाला. कॅम्पला निघताना संजीवने बॅगा वजनकाट्यावर चढवल्या आणि बाईंची रोजची उशी घरीच राहिली. थालीपिठाची भाजणी मात्र बाईंनी साड्यांच्या घडीतून पार केली. दुसऱ्या दिवशी सकाळी मान अशी धरली, की बाजूला बघायचं तर एसटीसारखं अख्खं अंग वळवावं लागे. संध्याकाळी संजीव म्हणाला, "उद्या मान अशीच असेल तर कॅम्पवर बस. आणि आफ्रिकेचा विषय संपला."

तो बादलीखाली गेल्याबरोबर बाईंनी आर्याला हळूच ओनोदेरांकडे पिटाळलं. उशी माग म्हणाल्या, बाबाला कळू देऊ नकोस. आर्या गेली तशी परत आली. "दाइजोबु," म्हणाली, म्हणजे काळजी नको, काम झालं. रात्री उशी काही आली नाही. बाई भाजणीच्या पिशवीवर डोकं ठेवून झोपल्या.

आणि सकाळी ही गाय. जपानीत गाईला उशी म्हणतात, हे बाईंना त्या क्षणी कळलं.

संजीव तोंड पुसत आला आणि टॉवेल तोंडावर तसाच धरून उभा राहिला. ओनोदेरांनी त्याला सगळं समजावलं. खालच्या खोऱ्यातला त्यांचा चुलतभाऊ पहाटे तीन तास चढून गाय पोचवून गेला होता. भारतीय पाहुण्यांची गरज ते समजू शकतात. झांबियात एक बाई स्वतःचा पियानो घेऊन आल्या होत्या.

संजीव आईकडे वळला.

"आई, तू गाय मागितलीस?"

उशी म्हणावं तर मान उघडी पडत होती.

"हो," बाई म्हणाल्या. "सवयीची आहे."

"पुण्यात? चौथ्या मजल्यावर?"

"मनात होती."

परत पाठवण्याचा प्रश्नच नव्हता. जपानातल्या नऊ वर्षांत संजीवला एवढं कळलं होतं, की इथे कोणी तुमच्यासाठी कष्ट घेतले की ते परत करायची सोय नसते. तेव्हा रांग निघाली. पुढे ओनोदेरा, मग जयंतीबाई, त्यांच्या हातात दावं, दाव्याला गाय, मग आर्या, आणि शेवटी, कोणाच्या ओळखीचा नसल्यासारखा, संजीव. भाजणीने मान निम्मी सोडली होती. उरलेली निम्मी दिसू नये म्हणून बाई दर थोड्या वेळाने पूर्ण वळत आणि गाईची विचारपूस करत.

दुपारच्या सुमाराला ओनोदेरांचा हात वर गेला. या वेळी ते काही पुटपुटले नाहीत.

पंधरा पावलांवर, वाटेच्या मधोमध, अस्वल उभं होतं. काळंभोर, छातीवर पांढरी कोर.

मागे खुरट्या बांबूंत मोठा खसफस आवाज झाला आणि उतारावरून खाली खाली जात बंद पडला. बाईंना बघायचं होतं, पण मान वळेना. त्यांनी एक हात गाईच्या खांद्यावर ठेवला आणि दुसऱ्याने आर्याला पाठीशी घेतलं. अस्वलाने त्यांच्याकडे पाहिलं. दहावी-बच्या वर्गात उशिरा येणाऱ्या मुलाकडे बघावं तसं बाईंनी चष्म्यावरून अस्वलाकडे पाहिलं. गाय हंबरली. अस्वलाने थोडा विचार केला, आणि गृहपाठ घरी राहिल्यासारखं तोंड करून झाडीत निघून गेलं.

ओनोदेरांनी हात खाली घेतला आणि जयंतीबाईंपुढे पार जमिनीपर्यंत वाकले. मग गाईपुढेही.

कॅम्पवर शिक्के उमटले. प्रमाणपत्रं वाचून दाखवायचं काम संजीवकडेच आलं, कारण बाईंना जपानी येत नव्हतं आणि आर्याला इतकी अवघड अक्षरं अजून वाचता येत नव्हती. त्याच्या केसांत अजून बांबूची पानं होती.

"जयंती-सान, उत्तीर्ण," त्याने वाचलं. "आर्या-सान, उत्तीर्ण. गाय, उत्तीर्ण." मग तो उरलेला कागद खिशात घालू लागला.

"पुढचं वाच."

"संजीव-सान, कृपया पुन्हा यावे."

बाईंनी आपला कागद दोनदा फुंकर मारून वाळवला, घडी घालून पर्समध्ये ठेवला.

"संजू," त्या म्हणाल्या, "आधी इथे तीन दिवस चालून दाखव. मग आफ्रिका."

टोकियोला परतणाऱ्या बुलेट ट्रेनमध्ये संजीव बराच वेळ मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसला होता. शेवटी त्याने मान वर न करता विचारलं, लुआंग्वाला ऑगस्टमध्ये जायचं की सप्टेंबरमध्ये. सप्टेंबर, बाई म्हणाल्या. पाणी आटतं, जनावरं नदीवर येतात. हे त्यांनी चौतीस वर्षं शिकवलं होतं.

खिडकीशी बसलेली आर्या पेंगुळली होती. तिने आजीच्या शालीचं टोक ओढलं आणि स्वच्छ, सदाशिव पेठी मराठीत म्हणाली, "आजी, उशी दे ना."

जयंतीबाई अख्ख्या वळल्या. आर्या घाईघाईने खिडकीबाहेर बघू लागली.

"कुठली?" बाईंनी विचारलं.