आजच करते

सभागृहात "करते" हा शब्द तोंडातून काढायचा नसतो, हे ताईंना पहिल्याच वर्षी शिकवलं गेलं होतं. "पाहू" म्हणावं, "विचार चालू आहे" म्हणावं, अगदीच गळ्याशी आलं तर "माहिती घेऊन कळवते" म्हणावं. पण सत्ताधारी पक्षाच्या नेत्याच्या तोंडून "करतो" किंवा "करते" निघालं, की अध्यक्ष हातातलं पेन खाली ठेवतात आणि विचारतात, "आश्वासन म्हणून नोंदवायचं का?" एकदा नोंदलं की सुटका नाही. सांगितलेलं झालं नाही, तर नेत्याने उभं राहून भर सभागृहात माफी मागायची, अशी तिथली जुनी रीत. ताईंच्या आधीच्या नेत्यांनी अख्खी कारकीर्द त्या शब्दाच्या वाटेला न जाता काढली होती, आणि निरोपाच्या भाषणात हे त्यांनी छाती फुगवून सांगितलंही होतं.

ताईही त्यात मागे नव्हत्या. दर बुधवारी सकाळी सदस्य आपापल्या भागातली गाऱ्हाणी मांडत. कुणाकडे बस येत नाही, कुणाकडे नळाला पाणी नाही, कुणाच्या शाळेचं छप्पर गळतंय. ताई मान डोलवत सगळं ऐकून घेत आणि असं गोड उत्तर देत की माणूस समाधानाने खाली बसे. आपल्या पदरात काय पडलं हे त्याला घरी गेल्यावर उमजे. काहीच पडलेलं नसे.

त्या बुधवारी सगळ्यांत शेवटी मावशी उठल्या. शिवणाचे वर्ग चालवता चालवता निवडून आलेल्या, ताईंच्याच पक्षाच्या. सगळं सभागृह त्यांना मावशी म्हणे. अध्यक्षांच्या तोंडूनही एकदा "माननीय मावशी" निघून गेलं होतं, आणि ते तसंच छापूनही आलं होतं.

"मी परत तेच सांगायला उठलेय," मावशी म्हणाल्या. "नदीपलीकडचा आमचा दवाखाना दुपारीच बंद होतो. माणसं कामावरून येतात संध्याकाळी. लेकरू तापाने फणफणलेलं घेऊन यायचं आणि कुलूप बघून परत जायचं. गेल्या बुधवारी सांगितलं, त्याच्या मागच्या बुधवारीही सांगितलं. तू म्हणालीस, बघते. अगं, काय बघतेस एवढं तरी सांग!"

ताई तेव्हा चष्मा पुसत होत्या. समोर सगळं धूसर, कानावर आलेला तो कुरकुरता, हक्काचा सूर तेवढा ओळखीचा. आणि तोंडातून आपसूक निघून गेलं, "करते गं, करते. आजच करते."

सभागृह असं हसलं की मागच्या बाकांवरचे दोघे दचकून जागे झाले. अध्यक्षांनी पेन खाली ठेवलं.

"आश्वासन म्हणून नोंदवायचं का?"

"नोंदवा की!" ताईंच्या आधी मावशीच ओरडल्या. "आणि ते 'आजच' गाळू नका."

नशिबाने तेवढ्यात जेवणाची सुट्टी झाली. सुट्टीनंतर सभागृह भरलं की पहिल्याच मिनिटाला नेत्याला आपला शब्द मागे घेता येई. एकदा ते मिनिट गेलं की गेलं. ताई आपल्या खोलीत येऊन डब्यापुढे बसल्या. पाठोपाठ त्यांचे सचिव आले आणि आरोग्यमंत्रीही आले. आरोग्यमंत्र्यांना सगळे 'डॉक्टर' म्हणत. ते डॉक्टर नव्हते, पण समोरचा नुसता शिंकला तरी त्याला तीन औषधं सांगितल्याशिवाय त्यांना राहवत नसे.

"मागे घ्या, ताई," सचिव म्हणाले. "घरगुती बोलणं चुकून झालं म्हणा. सगळे हसतील आणि विषय संपेल."

"आणि तो दवाखाना?"

"विचार चालू आहे," डॉक्टर म्हणाले, आणि आपण कुणाला काय सांगतोय हे लक्षात येऊन स्वतःच ओशाळले. "म्हणजे तसं नाही हो. पण संध्याकाळी बसायला डॉक्टर कुठून आणू? नवीन माणूस नेमायचा म्हणजे वर्ष जाईल. तुम्ही आज म्हणालात. आज म्हणजे आज! उद्या हात जोडून उभं राहावं लागेल, आणि पलीकडच्या विरोधी बाकांवर नुसती टर उडेल आपली."

ताईंना ते पटत होतं. अंगाशी येणारी गोष्ट वेळीच झटकून टाकायची, एवढं राजकारण त्यांनाही कळत होतं. "घरगुती बोलणं" हे शब्द त्या मनातल्या मनात घोळवू लागल्या. तेवढ्यात फोन वाजला. आईचा होता. आई दर बुधवारी टीव्हीपुढे बसून लेकीचं कामकाज पाही, आणि संध्याकाळी तिला साडीच्या निऱ्यांवरून बोलणी ऐकवी.

"पाहिलं मी," आई म्हणाली. "तिलाही तेच सांगितलंस ना, जे मला सांगतेस?"

"काय सांगते मी तुला?"

"आजच करते. कधीपासून म्हणतेय, माझ्या लोकरीच्या लड्या तशाच पडल्यात. तू दोन हातांवर लडी धर, मी गुंडा करते. अर्ध्या तासाचं काम. रोज दारातून निघताना म्हणतेस, करते गं आई, आजच करते. आता मला त्या 'आजच'चा अर्थ पाठ झालाय. त्या बाईला बिचारीला अजून ठाऊक नाही. खरं वाटलं असेल तिला."

"आई, मी कामात आहे गं."

"असशील ना. कामातच असतेस," आई म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

ताई डब्याकडे बघत बसल्या. त्यांना आईचा राग आला, मग स्वतःचा आला. घरी आईला, सभागृहात लोकांना, आपण वर्षानुवर्षं एकच गोळी चघळायला देतोय, वेष्टन तेवढं वेगळं, हे त्यांना स्पष्ट दिसलं, आणि त्यांना मनापासून लाज वाटली. मावशी उठल्या तेव्हा आपण चष्मा पुसत होतो, हे आठवून तर जास्तच.

"डॉक्टर," त्या एकदम म्हणाल्या, "खाली आपल्या इमारतीत सदस्यांसाठी दवाखाना आहे ना?"

"आहे की. उत्तम आहे. रात्री कामकाज संपेपर्यंत उघडा असतो."

"संध्याकाळी तिथं कोण येतं?"

डॉक्टर घुटमळले. "मी जातो. वजन करायला."

"आणखी कोण?"

सचिव खाकरले. "कॉफी तिथली चांगली असते, असं ऐकून आहे मी."

ताई डबा तसाच ठेवून जिना उतरल्या. सदस्यांच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई आणि एक नर्स समोरासमोर बसून शब्दकोडं सोडवत होत्या. ताईंनी त्यांना सरळच विचारलं. संध्याकाळी नदीपलीकडे बसाल का? गाडी नेईल, गाडी आणेल. डॉक्टरीणबाई नर्सकडे बघून म्हणाल्या, "ताई, इथं आल्यापासून मी खरा आजारी माणूस पाहिलेला नाही. आत्ता निघू का?"

सुट्टी संपली. सभागृह खच्चून भरलं होतं, कारण नेत्याला आपला शब्द गिळताना बघायला कुणाला आवडणार नाही? अध्यक्षांनी ताईंकडे पाहिलं. ताई उठल्या.

"मी सकाळी बोलले ते चुकून बोलले," ताई म्हणाल्या. पलीकडच्या बाकांवर हसू पसरू लागलं. "पण मागे घेत नाही. नदीपलीकडचा दवाखाना आज संध्याकाळी उघडेल. आपल्या इथल्या दवाखान्यातल्या डॉक्टर तिथं बसतील. नवीन माणूस मिळेपर्यंत संध्याकाळी आपला दवाखाना बंद. कुणाला खोकला झालाच, तर त्याने नदीपलीकडे जाऊन रांगेत बसावं."

एकच गलका उठला. पुढच्या रांगेतल्या एका ज्येष्ठांनी आपल्या रक्तदाबाचं काय, असं विचारलं. मावशींनी त्यांना जागेवरूनच सांगितलं, "आमच्याकडे या, मी तुमचा नंबर धरून ठेवते." त्यावर पलीकडचे बाकही हसले. मग एकेक हात वर होऊ लागले. आमच्या बसचं काय? आमच्या नळाचं काय? याच पुराला तर सगळे नेते आजवर घाबरत आले होते. ताईंनाही धास्ती वाटली, पण सकाळइतकी नाही.

"सगळं आज होणार नाही," त्या म्हणाल्या. "जे होणार नाही, ते होणार नाही असंच सांगेन. दर बुधवारी एक तरी गोष्ट करते म्हणेन, आणि करेन."

अध्यक्षांनी पुन्हा पेन खाली ठेवलं. "हेही नोंदवायचं का?"

सचिवांनी डोळे मिटून घेतले. "नोंदवा," ताई म्हणाल्या.

घरी जाताना त्यांनी गाडी नदीवरून वळवायला सांगितली. उतरल्या नाहीत, काच तेवढी खाली केली. दवाखान्याच्या खिडकीत उजेड होता. बाहेरच्या बाकावर कामाच्या कपड्यांतली माणसं दाटीवाटीने बसली होती, एका बापाच्या खांद्यावर पोर मान टाकून झोपलं होतं. मावशी दारात उभ्या राहून सगळ्यांना दामटवत होत्या. "ए, तू नुसता बघायला आलायस ना? ऊठ, त्या आजोबांना बसू दे!" ताईंना इतकं बरं वाटलं की ड्रायव्हरने दोनदा "निघू या का?" विचारलं तरी त्यांना ऐकू गेलं नाही.

घरात शिरल्या शिरल्या त्यांनी पर्स ठेवली, हात धुतले आणि आईपुढे स्टुलावर बसून दोन्ही हात पुढे केले.

"आण तुझ्या लड्या."

आईने हातातलं विणकाम खाली ठेवलं. ती जरा गडबडली. "आज राहू दे. दमून आलीस."

"आई, सगळ्यांसमोर तोंडघशी पडता पडता वाचलेय मी तुझ्या लोकरीमुळे. आण."

आई उठेना. तेव्हा ताईच वाकल्या आणि खुर्चीखालची टोपली ओढली. आत एकही लडी नव्हती. निळे, करडे, तांबडे, छान घट्ट गुंडे एकावर एक रचून ठेवलेले होते.

"हे कधी केलंस?"

"झाले बरेच दिवस. खुर्चीच्या पाठीला लडी अडकवली की होतं काम," आई नजर चुकवत म्हणाली.

"मग रोज माझ्या मागे का लागत होतीस?"

"लडी हातावर असली की तुला फोन उचलता येत नाही. म्हटलं, तेवढा अर्धा तास तरी समोर बसशील."

ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याच वेळी हसूही आलं. दोन्ही आवरता आवरेना. तेवढ्यात पर्समधला फोन वाजू लागला. आई सवयीने म्हणाली, "घे, घे. कामाचा असेल."

ताईंनी टोपलीतला निळा गुंडा उचलला, त्याचं टोक शोधलं, आणि आईने जपून गुंडाळलेली लोकर उलगडून आपल्या दोन्ही हातांवर घ्यायला सुरुवात केली.

"अगं, अगं, काय करतेस? झालेलं काम उसवतेस?"

"तू गुंडा कर," ताई म्हणाल्या. "सावकाश कर."

फोन वाजून वाजून थांबला. आईने चष्मा लावला, लोकरीचं सुटं टोक बोटांत धरलं आणि विचारलं, "आता सांग, ती मावशी काय म्हणाली?"