हिगुराशीतला तिसरा ग्लास

रित्सुको कुझेच्या यादीत नऊ जागा होत्या आणि दहाव्या आकड्यापुढची ओळ कोरी होती.

ओसाका शहरात व्हिस्की प्यायला उत्तम अशा दहा जागा, प्रत्येकीवर दीडशे शब्द, शुक्रवारी संध्याकाळी सातपर्यंत. काम तिच्या आवडीचं होतं. क्योबाशीतलं दारूचं दुकान तिने पहिल्या क्रमांकावर घेतलं होतं. तिथे दुपारी तीनपासून माणसं गल्ल्यापाशी उभी राहून, डब्यातला बांगडा काडीने टोचून खात हायबॉल, म्हणजे सोडा घातलेली व्हिस्की, पितात. किताशिंचीतल्या तळघराला दुसरा क्रमांक होता, कारण तिथला गालिचा इतका जाड आहे की आपलीच पावलं आपल्याला ऐकू येत नाहीत आणि माणूस आपोआप हळू बोलतो. फुकुशिमात रुळांखाली एक जागा आहे, तिथे गाडी गेली की ग्लासातलं पाणी थरथरतं. तिने घड्याळ लावून मोजलं होतं, गर्दीच्या वेळी साधारण चार मिनिटांना एकदा. यादीत एक केशकर्तनालयही होतं. खुर्चीत बसलेल्या गिऱ्हाइकाला तिथे एकच ग्लास मिळतो, दाढी संपल्यावर, कारण मालक म्हणतो, वस्तरा चालू असताना कोणी हसता कामा नये.

दहावी जागा तिला पहिल्या दिवसापासून माहीत होती. अडचण एवढीच, की त्या जागेबद्दल लिहायचं नव्हतं.

शुक्रवारी चार वाजता संपादक तोकुनागांचा फोन आला.

"कुझेबाई, दहावी कुठाय?"

"येतेय."

"येतेय म्हणजे? ताटात आहे की अजून शेतात?"

"सातच्या आत देते, साहेब."

"नसेल तर विमानतळावरचा बार टाका. त्याच्यावर कोणी रागवत नाही, कोणी खूशही होत नाही. जागा भरते."

तिने फोन ठेवला, वही पिशवीत टाकली आणि तेम्माकडे निघाली.

तेम्मातल्या बटणांच्या दुकानावर, अरुंद जिना चढून गेलं की 'हिगुराशी' लागतं. आठ स्टुलं, एक काउंटर आणि काउंटरमागे इनागाकी, ज्यांना सगळे नुसतं मास्टर म्हणतात. वय चौऱ्याहत्तर. दारापाशी भिंतीवर त्यांच्याच कुंचल्याने लिहिलेला कागद आहे: 'मासिकांनी व वर्तमानपत्रांनी या जागेबद्दल लिहू नये, ही नम्र विनंती.'

सहा वर्षांपूर्वी रित्सुको औषधांच्या एका कारखान्यात तपासणीचं काम करत होती. एका सकाळी तिला प्रयोगशाळेच्या दाराची मूठ दाबता येईना. हात मुठीवर होता, पण दाबला जात नव्हता. ती परत फिरली आणि पुढे तीन महिने घरी कोणाला काही न सांगता रोज कामाचे कपडे घालून शहरभर भटकत राहिली. अशाच एका मंगळवारी ती हा जिना चढली. मास्टरांनी तिच्यासमोर गरम ओला रुमाल ठेवला, मग गरम पाणी घातलेली व्हिस्की ठेवली. कुठून आलात, काय करता, काही विचारलं नाही. एकच प्रश्न विचारला, "कसला वास येतोय?"

ती बराच वेळ हुंगत राहिली. "शाळेच्या कपाटातल्या ओल्या झाडूचा."

मास्टर इतके हसले की त्यांना चष्मा काढावा लागला. "चाळीस वर्षं लोक मला मध सांगतात, फळं सांगतात. झाडू कोणी सांगितला नव्हता. हे लिहून ठेवा बाई, हरवेल."

ग्लासाखालच्या पुठ्ठ्याच्या चकतीमागे तिने ते लिहिलं. चकतीनंतर वही आली, वहीनंतर मासिक. आज ती जे काही कमावून खात होती, ते त्या चकतीवरून सुरू झालं होतं. आणि ज्या माणसामुळे हे झालं त्याची एकुलती एक विनंती भिंतीवर टांगलेली होती.

पाचला पाच कमी असताना जिन्याच्या तळाशी तिला कुवाबाता भेटले. आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त करून निवृत्त झालेले, आणि हिगुराशीत सगळ्यांत जुने.

"काय लेखिकाबाई! आज मंगळवार नाही. रस्ता चुकलात?"

"मास्टरांशी बोलायचंय."

कुवाबातांनी बटणांच्या दुकानाकडे एक नजर टाकली आणि तिला बाजूला घेतलं. "तुम्हाला कळलं वाटतं?"

"काय?"

"म्हणजे नाही कळलं. मग मी बोललो नाही असं समजा." पण त्यांना राहवलं नाही. "बर्फवाला भेटला होता. मास्टरांनी त्याला सांगितलंय, डिसेंबरपर्यंतच बर्फ टाक. जागेच्या भाड्याचा करार संपतोय. नवा कागद येऊन पडलाय, पण मास्टर त्यावर सहीचा शिक्का मारत नाहीत."

रित्सुकोने जिन्याकडे पाहिलं. वरून नेहमीसारखा काच पुसण्याचा आवाज येत होता.

"का?"

"का काय? गिऱ्हाईक कुठाय? तुम्ही मंगळवारी, मी शुक्रवारी, आणखी पाच-सात जण. म्हातारा कोणासाठी बर्फ कोरणार?"

"मग त्यांना विचारायला हवं."

"छे छे!" कुवाबातांनी हातच जोडले. "त्यांनी आपल्याला सांगितलेलं नाही. म्हणजे आपल्याला माहीत नाही. वर गेलं की हवापाण्यावर बोलायचं. आणि एक लक्षात ठेवा—"

"दोन झाले की उठायचं," ती म्हणाली. सहा वर्षांपूर्वी याच पायरीवर त्यांनीच तिला ते शिकवलं होतं. इथली रीत आहे, म्हणाले होते.

वर दोघं बसले. मास्टरांनी रुमाल दिले. कुवाबाता हवेबद्दल बोलले, मग स्वतःच्या गुडघ्याबद्दल, मग पुन्हा हवेबद्दल. मास्टर बर्फाचा तुकडा तळहातावर फिरवत सुरीने त्याचे कोपरे उतरवत होते, बटाटा सोलावा तितक्या सहज. ग्लासात तो गोळा कडेला न लागता बसला. बशीत लोण्याचा तुकडा ठेवलेलं पर्सिमॉनचं सुकं फळ आलं. पहिला ग्लास संपला, दुसरा आला.

रित्सुकोने वही उघडली. दहाव्या जागेसाठी काही सापडतंय का पाहावं म्हणून तिने जुनी पानं चाळली. सवयच होती तिची; कारखान्यात काय आणि इथे काय, जे मोजता येतं ते ती मोजायची. तारीख, हजर माणसं, कोणी काय घेतलं, किती घेतलं. हजर माणसांचा रकाना वर्षागणिक आटत गेला होता, ते तिला दिसतच होतं. पण आज पहिल्यांदा तिची नजर शेजारच्या रकान्यावर थांबली. दोन. दोन. दोन. कधी एक. पुन्हा दोन. सहा वर्षं, जवळजवळ तीनशे मंगळवार. त्या रकान्यात तीनचा आकडा एकदाही नव्हता.

प्रयोगशाळेत असे आकडे आले असते तर तिने आधी यंत्र तपासलं असतं. इतकी माणसं, इतक्या संध्याकाळी, आणि सगळ्यांची तहान तंतोतंत सारखी? कुठे तरी काही तरी अडकलेलं होतं.

"मास्टर," ती म्हणाली, "इथे कोणी तिसरा ग्लास का घेत नाही?"

कुवाबातांनी तिला काउंटरखालून पायाने ढोसलं.

मास्टरांचा हात थांबला. त्यांनी सुरी फडक्यावर ठेवली, फडकं नीट केलं, पुन्हा सुरी उचलून परत ठेवली.

"तेच मी अकरा वर्षं स्वतःला विचारतोय," ते म्हणाले.

कुवाबातांनी पाय मागे घेतला. मास्टर पुढे बोलत राहिले.

"पहिला ग्लास घेतात, चेहरा खुलतो. दुसरा घेतात, छान म्हणतात. आणि उठतात. मला वाटलं, माझा हात गेला. दुसऱ्यात काही तरी कमी पडतंय, म्हणून तिसरा मागवावासा वाटत नाही. पाणी बदललं मी. चार वेळा बदललं. कोणाकोणाच्या डोंगरावरून मागवलं. बर्फवाला बदलला. दुसऱ्या ग्लासाला थेंबभर जास्त घालून पाहिलं. तरी उठतातच. लोक सभ्य आहेत, तोंडावर सांगत नाहीत. पण माणसाने आपलं आपण ओळखावं."

"अहो पण मास्टर..." कुवाबातांनी ग्लास खाली ठेवला. "ते तर मीच सुरू केलं."

"काय?"

"अकरा वर्षांपूर्वी. वहिनींचं पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा. तुम्ही आठच्या आत इस्पितळात पोचायला बघायचात आणि गिऱ्हाईक हलायचं नाही. तुम्ही कोणाला ऊठ म्हणणार नाही, हे मला ठाऊक. म्हणून मी एकेकाला जिन्यात गाठून सांगितलं, दोन घ्या आणि उठा. सगळ्यांनी ऐकलं. चांगली माणसं आहेत हो."

"पण सदाए त्याच वर्षी बरी झाली. कुवाबाता, ती आता टेबल टेनिस खेळते!"

"हो, पण तुम्ही कधी म्हणाला नाहीत की आता बसा म्हणून!"

"मी कसं म्हणणार? उठणाऱ्याला बस म्हणायचं म्हणजे गळ्यात पडणं!"

दोघं म्हातारे एकमेकांकडे बघत राहिले. रित्सुकोला हसू येत होतं. यंत्र तपासायचं तर पुरतं तपासावं, म्हणून तिने दाराकडे बोट केलं.

"आणि तो कागद?"

"तोही तेव्हाचाच," मास्टर म्हणाले. "कुठल्या तरी मासिकात फोटो आला होता. जिन्यापर्यंत रांग लागायची. मला वेळेवर निघता येईना, म्हणून लावला."

"मग काढला का नाहीत?"

"काढणार होतो. पण तुम्ही सगळे येता-जाता त्याच्याकडे असं बघायचात, जणू देवळातली पाटी. मला वाटलं, गिऱ्हाइकांना ही शांतता आवडते. त्यांची जागा आहे, त्यांनी ठरवावं."

"आणि आम्हाला वाटलं, तुम्हाला आवडते," कुवाबाता म्हणाले. "माझ्या सख्ख्या मुलाला मी ही जागा सांगितलेली नाही. अकरा वर्षं! तो विचारतो, बाबा शुक्रवारी कुठे जाता? मी सांगतो, पोहायला."

मास्टर काउंटरच्या बाहेर आले. तसे ते कधी येत नसत. दोघांसमोर उभे राहून ते कमरेत वाकले आणि वाकलेलेच राहिले.

"म्हणजे तुम्ही सगळे सदाएसाठी उठत होतात," ते जमिनीकडे बघत म्हणाले. "आणि मी पाण्याला दोष देत होतो."

कुवाबातांना हे सोसवेना. "उठा हो मास्टर! दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या लिफ्टसारखे काय थांबलात? माणसं बघतील."

"कोण बघणार? दोघंच तर आहात."

"बरं, मग हे ऐका." कुवाबातांनी रिकामा ग्लास पुढे सरकवला. "तिसरा द्या."

मास्टर आत गेले. बर्फ कोरताना त्यांना नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला, आणि मधे एकदा चष्मा पुसावा लागला. ग्लास समोर आला तेव्हा कुवाबातांनी तो दोन्ही हातांनी उचलला, घोट घेतला, डोळे मिटले.

"कसा आहे?"

"दुसऱ्यापेक्षा बरा. इतकी वर्षं हा लपवून ठेवलात?"

"चोर तो चोर!" मास्टर म्हणाले, आणि मग मात्र तिघंही हसायला लागले ते लवकर थांबले नाहीत.

भिंतीवरच्या घड्याळात सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. रित्सुकोने सगळं सांगून टाकलं: यादी, कोरी ओळ, सातची वेळ. "तुम्ही नको म्हणालात तर विमानतळ टाकते. पण मला ही जागा लिहायची आहे, मास्टर. तुम्ही मला लिहायला लावलंत, आणि तुमच्याबद्दलच मी आजवर एक ओळ लिहिलेली नाही."

मास्टर भिंतीकडे गेले. कागदाच्या चारी टाचण्या एकेक करून काढून त्यांनी तळहातावर धरल्या. "रांग लागली तर?"

"तर बर्फ जास्त मागवा," कुवाबाता म्हणाले.

मास्टरांनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. "बर्फवाल्याने सांगितलं वाटतं?"

"कोण बर्फवाला? मी हवेबद्दल बोलतोय."

मास्टरांनी घरी फोन लावला. सदाएंचा आवाज पलीकडून इतका खणखणीत होता की काउंटरवर सगळ्यांना ऐकू आला.

"अहो, तो कागद अजून होता? माझे टाके निघाले त्या दिवशीच काढा म्हटलं होतं मी!"

"राहून गेलं. ऐक, शिक्का घेऊन ये. माझा शिक्का, कपाटातला."

"कशाला?"

"घरमालकाच्या कागदावर मारायचाय."

इतका वेळ खणखणणारा आवाज मग एकदम हळू आला, "थांबा, चपला घालते."

रित्सुको काउंटरवरच लिहायला बसली. मास्टरांनी तिच्यासमोर तिचा तिसरा ग्लास ठेवला, गरम पाण्याचा, पहिल्या दिवशीसारखा. "कसला वास येतोय?"

तिने हुंगलं. ओला झाडू होताच, तळाशी. त्यावर आज आणखी काही तरी होतं, दुपारपासून शोधत होती ते. "शाळा सुटल्याचा," ती म्हणाली, आणि तेच पहिलं वाक्य झालं. दीडशे शब्दांत तिने जिना लिहिला, बर्फ लिहिला, बटणांचं दुकान लिहिलं. मास्टरांनी वाचून फक्त वेळ दुरुस्त केली: आठपर्यंत खोडून दहापर्यंत केली. शेवटची ओळ तशीच ठेवली: 'इथे तिसरा ग्लास जरूर घ्यावा, मालक त्याची बरीच वर्षं वाट बघत आहेत.'

सातला चार मिनिटं कमी असताना तिने मजकूर पाठवला. तोकुनागांचं उत्तर लगेच आलं. ते वाचून तिने फोन मास्टरांपुढे धरला.

'कुझेबाई, ही जागा मला नऊ वर्षं माहीत आहे. पण तिच्याबद्दल लिहायचं नसतं ना? मी गुरुवारी जातो. दोनच घेतो.'

मास्टरांनी चष्मा वर सरकवून दोनदा वाचलं. "गुरुवारचे? खिडकीकडे बसतात ते? मी त्यांना शाळेतले शिक्षक समजत होतो." त्यांनी फोन परत दिला आणि गुरुवारसाठी बर्फवाल्याला सांगायला वही शोधू लागले. "त्यांना कळवा, खिडकीकडची जागा आहे. आणि म्हणावं, पोरंबाळं, सोबती, कोणाला आणायचं असेल त्यांना आणा. लपवू नका आता."

जिन्यावर चपला वाजल्या. सदाए वर येत होत्या, एकेक पायरी सोडून, धाप न लागता.