मी, चुंबक, आणि एक खोडलेलं ‘नाही’

घोड्याच्या नालासारखा वाकलेला, पायांवरचा लाल रंग उडत आलेला असा मी एक जुना चुंबक आहे. मित्रांनो, चुंबकाला कसली आलीय भीती, असं तुम्हाला वाटत असेल. मला एक भीती आहे आणि ती जन्मापासून आहे. माझा जोर गेला तर?

एका कारखान्यात पोलादाची पट्टी तापवून वाकवली, तारेच्या वेटोळ्यात ठेवून वीज सोडली आणि क्षणात मी चुंबक झालो. तिथून शाळेच्या प्रयोगशाळेत आलो. वर्षातून एकदा मला कपाटातून काढत. कागदावर लोखंडाचा कीस पसरून खाली मला धरत. किसाची नक्षी उमटली की चाळीस तोंडांतून एकदम “अय्या!” निघे. त्या एका ‘अय्या’वर मी उरलेलं वर्ष काढत असे. पुढे कपाटाची किल्ली हरवली. किल्ली लोखंडाची होती, माझ्यापासून चार पावलांवर कुठेतरी पडली असणार. पण माझी ओढ तेवढी लांब पोचत नाही. कपाट फोडलं तोवर शाळेत नवी उपकरणं आली होती. मी जुन्या सामानाच्या टोपलीत गेलो.

त्या टोपलीतून मला एका शिंपिणीने उचललं. ती दोन मुलींची आई. त्या घरात सगळे तिला आईच म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. ती मला दोरीला बांधून फरशीवरून फिरवायची आणि सांडलेल्या टाचण्या गोळा करायची. मुलींच्या पायांत एकही टाचणी मी जाऊ दिली नाही, हे सांगताना थोडी ऐट वाटते ती माफ करा.

थोरली सात वर्षांची झाली तेव्हा तिला वरचेवर दम लागू लागला. डॉक्टरांनी वर्षभर गर्दीपासून लांब ठेवायला सांगितलं. शाळा म्हणाली, घरी शिकवा, पण आमच्या बाई येऊन पाहतील. त्यांना पटलं तर मुलगी पुढच्या वर्गात बसेल, नाहीतर मैत्रिणी पुढे आणि ही मागे. पाच वर्षांची धाकटी शेपटासारखी सोबत शिकणार होतीच.

भाषा, गणित आईने रेटून नेलं. अडलं ते विज्ञानापाशी. शाळेच्या फॉर्मवर ‘विज्ञान : निवडलेला अभ्यासक्रम’ असा एक चौकोन होता. तो रिकामा होता आणि बाई सोमवारी येणार होत्या.

शनिवारी आईने कापड बेतायच्या टेबलावर तीन पर्याय मांडले. एक मोठा खोका, त्यात छत्तीस प्रयोगांच्या छत्तीस पुड्या. दुसरी, रकाने भरायची कार्यपुस्तिका, मागे उत्तरं छापलेली. तिसरं एक पातळ पुस्तक. त्यात नुसते प्रश्न, आणि वस्तू घरातल्या घ्या म्हणून सांगितलेलं.

खोका मावशीने आणला होता. ती आईची मोठी बहीण.

“अगं, डोळे मिटून हा घे,” मावशी म्हणाली. “पुडी फोडायची, प्रयोग उरकायचा. आयतं माप मिळालंय, तर टेप कशाला शोधतेस?”

“आयत्या मापाचं कुणाला नीट बसलंय, ताई? बसलं असतं तर माझ्याकडे गिऱ्हाईक आलं असतं का?”

“मग ते पातळ घे! उत्तरंच नाहीत त्यात. बाह्या नसलेला शर्ट नुसता.”

“असतो की बिनबाह्यांचा शर्ट.”

“थंडीत घालून बघ!”

आई हसली, पण मावशी गेल्यावर ते पातळ पुस्तक तिने हळूच बाजूला सारलं. तिची स्वतःची शाळा अर्ध्यात सुटली होती. उत्तरं नसलेल्या पुस्तकाची तिला धास्ती वाटत होती. तिने कार्यपुस्तिका उघडली. पान चुंबकाचं होतं. माझं!

मला घ्यायला धाकटी धावली आणि तिच्या हातातून मी निसटलो. थेट फरशीवर. मित्रांनो, दणका बसला की चुंबकाचा जोर कमी होतो. किती कमी, ते त्यालाही कळत नाही. मी आतून गारठलो.

पानावर वर छापलं होतं, ‘चुंबक धातूला ओढतो.’ खाली वस्तू आणि ‘हो’, ‘नाही’चे रकाने. थोरलीने टाचणी लावली. चिकटली. मग तिने एक बॉबिन घेतली. बॉबिन म्हणजे शिलाई मशीनमध्ये खालचा दोरा गुंडाळायची छोटी चकती. ती माझ्या पायांना लागली आणि खाली पडली. पुन्हा लावली, पुन्हा पडली.

थोरलीने लिहिलं, ‘नाही.’

“अगं, बॉबिन धातूची आहे ना?” आईने पुस्तिकेची मागची पानं उलटली. धातूच्या सगळ्या वस्तूंपुढे एकच उत्तर छापलेलं होतं : हो. तिचा चेहरा उतरला. “मघाशी पडला ना, त्याचा जोर गेला. बाई बघतील तेव्हा पान बरोबर हवं, बाळा.” तिने खोडरबर घेतलं, ‘नाही’ खोडलं आणि स्वतःच्या हाताने ‘हो’ लिहिलं. एवढ्या जोरात खोडलं की कागद फाटला.

“सोमवारच्या आत नवा आणू,” असं म्हणत तिने मला खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं, टाकायच्या चिंध्यांजवळ, आणि ती मशीनवर बसली. मला प्रतिवाद करता येत नव्हता. खरं सांगू? करायचा धीरही नव्हता. तिचं म्हणणं खरं असेल तर?

थोरलीने मला कट्ट्यावरून उचललं आणि सुयांच्या डबीवर धरलं. सुयांचा झुपकाच्या झुपका मला येऊन बिलगला.

“आई, याचा जोर फक्त बॉबिनपुरताच गेला का गं?”

मशीनवरचा आईचा पाय थांबला. ती उठून आली. तिने मशीनमधली बॉबिन काढून लावली. टक्कन चिकटली! मघाची लावली, पडली. दोन्ही तशाच चकचकीत, तशाच गोल. मग आईने कात्री आणली, हुक आणले, शिवताना बोटात घालायची पितळी टोपी आणली. कात्री चिकटली, हुक चिकटले, टोपी नाही. धाकटीने डब्याचं ॲल्युमिनियमचं झाकण आणलं. तेही नाही.

“म्हणजे सगळाच धातू चिकटत नाही,” आई हळूच म्हणाली. “आणि चुकीचं मी लिहिलं.” तिने स्वतःचं ‘हो’ खोडायला घेतलं, मग खोडरबर थोरलीच्या हातात दिलं.

सोमवारी बाई आल्या. चष्मा नाकावर, पेन हातात. फाटलेल्या जागेवर त्यांचं बोट थांबलं.

“इथे काय झालं?”

आईला खोटं बोलणं सोपं होतं. मूल लहान आहे, कागद फाटतो.

“मी खोडलं,” आई म्हणाली. “तिने बघून लिहिलं होतं. मी मागचं उत्तर बघून बदललं. तिचंच बरोबर निघालं. मशीनमधली बॉबिन चिकटते, तशीच दिसणारी ही नाही.”

बाई थोरलीकडे वळल्या. “सारख्याच दिसणाऱ्या दोन बॉबिन. एक चिकटते, एक नाही. का गं?”

“माहीत नाही अजून,” थोरली म्हणाली. “एक हलकी आहे. वजन करून बघणार आहोत.”

मला वाटलं, संपलं. ‘माहीत नाही’वर कोण पुढच्या वर्गात बसवतं?

“आणि उद्या तुम्हालाही उत्तर आलं नाही तर?” बाईंनी आईला विचारलं.

“नाही येणार, बाई. पुष्कळदा नाही येणार. बसू शोधत तिघी.”

“मग चौकोन भरा.”

आईने पेन घेतलं आणि त्या पातळ, उत्तरं नसलेल्या पुस्तकाचं नाव लिहिलं. बाईंनी खाली सही केली. “तीन महिन्यांनी परत येईन. वहीत खोडाखोड असली तरी चालेल. तुमच्या हातची नको.”

तीन महिने! म्हणजे काळजी मिटली नाही, पुढे सरकली. पण त्या दुपारी आईनेच मला विचारल्यासारखं केलं, “का रे, लांबून ओढतोस तरी कसा?” आजवर इतक्या टाचण्या उचलल्या, पण तिने हे कधी विचारलं नव्हतं.

मित्रांनो, तुमच्या घरी माझा कुणी भाऊबंद असेल तर त्याला पाडू नका, विस्तवापाशी ठेवू नका, काम झालं की त्याच्या दोन्ही पायांना जोडून एक लोखंडी पट्टी लावून ठेवा. जे चिकटलं नाही तेही वहीत लिहा. आणि कुणाचा जोर गेला असं म्हणण्याआधी जरा थांबा. आपल्यात किती उरलंय हे आम्हाला स्वतःहून कळत नाही. कुणीतरी एक टाचणी जवळ आणून बघावी लागते.