आत्याबाईंचे लाल पाय

आत्याबाईंनी शाळेत आयुष्यभर मुलांना कवायत शिकवली. गावभर त्या ‘शिट्टीबाई’ म्हणूनच ओळखल्या जायच्या. खुब्याचं हाड मोडल्यावर मात्र त्या खिडकीजवळच्या खुर्चीत अडकून पडल्या. उठायला सांगितलं की, “बघू उद्या,” म्हणायच्या आणि तिथूनच माझ्यावर, म्हणजे भाचेसुनेवर, हुकूम सोडायच्या.

एके सकाळी मी त्यांचे मोजे काढले, तर काय! दोन्ही नडग्या लालबुंद!

“अहो, लवकर या!” मी नवऱ्याला हाक मारली.

तो दाढीचा फेस तसाच ठेवून धावत आला. “रक्ताची गाठ असणार. ऑफिसातल्या एकाच्या सासऱ्यांना झाली होती.”

तेवढ्यात शेजारच्या काकू डोकावल्या. “छे, जंतू शिरलेत. पाय कापावा लागतो कधीकधी.”

“तुमची जीभ कापा आधी,” आत्याबाई कडाडल्या. पण खुर्चीचा हात त्यांनी घट्ट धरलेला मला दिसला.

मी डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या दवाखाना उघडण्याआधीच आल्या. आत्याबाईंनी त्यांना चष्म्यातून निरखलं. “तू दोरीवरच्या उड्यांमध्ये लबाडी करायचीस ना?”

“हो बाई,” डॉक्टरीणबाई हसल्या आणि खाली फरशीवरच बसल्या.

त्यांनी हाताच्या पाठीनं दोन्ही पाय चाचपले, ताप बघितला, पावलांवरची नाडी शोधली. मग टेप काढून पोटऱ्या मोजल्या.

“एकच पाय लाल, गरम, दुखरा असता आणि ताप असता, तर जंतूंचा संशय घेतला असता. एकच पोटरी अचानक सुजली असती, तर गाठीसाठी लगेच मोठ्या दवाखान्यात धाडलं असतं. इथे दोन्ही पाय सारखेच आहेत.” त्यांनी आत्याबाईंचे पाय उचलून शेजारच्या पलंगावरच्या उशांवर ठेवले. “आता थोडं थांबू या.”

आम्ही सगळे त्या पायांकडे टक लावून बसलो. हळूहळू लाली उतरायला लागली. उरला तो एका घोट्यावरचा खरखरीत, खाजरा चट्टा.

“इथे काय चोळलंत?”

काकूंनी मान खाली घातली. “माझा मलम. झोंबरा आहे जरा.”

“तो आजपासून बंद. बाकीची लाली पाय लोंबकळत ठेवल्यामुळे. पाय दिवसभर खाली, हालचाल नाही, मग रक्त वर चढणार कसं? पाय उंच ठेवायचे, साधं क्रीम लावायचं आणि पावलं वर-खाली हलवायची. एकच पाय सुजला किंवा ताप आला, तर मला तडक बोलवा. दम लागला, तर माझी वाट न बघता मोठा दवाखाना गाठा. चला बाई, पावलं वर!”

“मला व्यायाम शिकवतेस?”

“लबाडी चालणार नाही!”

आत्याबाई खो खो हसल्या. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच! आणि त्यांची पावलं हलली. पाठोपाठ आमचीही हलायला लागली. नवऱ्याच्या गालावरचा फेस पार सुकला होता.

“टाच उचल रे, गाढवा!” त्या त्याच्यावर ओरडल्या.

महिन्याभरात घोट्याची खाज गेली. वॉकर धरून त्या दारापर्यंत जायला लागल्या. दारात गेल्यावर समोरचे निवृत्त न्यायाधीश दिसले, पाय लोंबकळत ठेवून वर्तमानपत्र वाचत बसलेले. झालं! दुसऱ्या दिवशी त्यांची खुर्ची आमच्या अंगणात आली. मग काकू आल्या, मग कोपऱ्यावरचे शिंपीदादा.

आता रोज सकाळी अंगणात खुर्च्यांची रांग लागते. कालच न्यायाधीशांनी तक्रार केली, “बाई, पाय दुखतात हो.”

“हरकत फेटाळली,” आत्याबाई म्हणाल्या. “पावलं वर!”