मंडळाची केस

माझ्या नवऱ्याला तालमीच्या गणेश मंडळाचा अध्यक्ष केलं ते काही त्यांच्या अंगातली ताकद बघून नव्हे. जोर-बैठका त्यांनी आयुष्यात मारलेल्या नाहीत. अक्षर चांगलं आणि स्वभाव गरीब, एवढ्या भांडवलावर २०१८ साली शिवप्रसाद मगदूम अध्यक्ष झाले. परवानगीचे अर्ज लिहायचे, पोलीस ठाण्यात सह्या करायच्या आणि विसर्जनाच्या मिरवणुकीत सगळ्यांच्या मागून चालायचं, हे त्यांचं अध्यक्षपण. मी तेव्हाच म्हटलं होतं, नाचणार ते आणि निस्तरणार तुम्ही. ते हसले. पन्हाळ्याकडच्या शाळेत अख्खी चौथी गप्प बसवणारा हा मास्तर घरात फक्त हसतो.

त्या मिरवणुकीत साउंडचा आवाज मर्यादेबाहेर गेला. पोलिसांनी तो मोजला, आणि अर्जावर ज्याचं नाव त्याच्यावर केस झाली. तालमीत कुणाला त्याचं काही वाटलं नाही. "मंडळाची केस हाय, मंडळ बघंल की," असं जो तो म्हणाला. पुढच्या वर्षी बाळासो चौगुले अध्यक्ष झाले. कपाटाची किल्ली, पावतीपुस्तकं आणि मांडवाचे कागद यांच्याबरोबर केसची फाईलही त्यांच्याकडे गेली. आम्ही ती विसरूनही गेलो. कोर्टाचे कागद नंतर आले असतील तर ते तालमीच्या पत्त्यावर.

गेल्या गुरुवारी दुपारी ह्यांचा शाळेतून फोन आला. आवाज ओळखू येईना.

"विद्याश्री, शाळेत हवालदार येऊन गेला. माझ्या नावाचं पकड वॉरंट आहे म्हणतोय. उद्या कोर्टात हजर व्हा, नाहीतर परवा घरातून उचलायला लागेल, म्हणाला. चांगला होता बिचारा."

पकडायला आलेल्या माणसालाही बिचारा म्हणणारा नवरा माझ्याच वाट्याला यायचा होता!

मी कॉलेजच्या ग्रंथालयात कारकून आहे, शोधाशोध हेच माझं काम. पुस्तकांच्या गठ्ठ्याआड बसून मोबाईलवर कोर्टाचं ॲप उघडलं, कोल्हापूर जिल्हा निवडला आणि पक्षकाराच्या रकान्यात ह्यांचं नाव टाकलं. लगेच आलं. केस नंबर, कलमं आणि पुढे 'अजामीनपात्र वॉरंट'. २०२२ पासून. म्हणजे तीन वर्षं आम्ही पाहुण्यांच्या लग्नांना जात होतो, गॅलरीला जाळी बसवत होतो, आणि तिकडे कागदावर हा माणूस फरार होता. मोबाईल टेबलावर ठेवून मी ते परत पहिल्यापासून वाचलं.

संध्याकाळी आम्ही वर्षाराणी वकिलांकडे गेलो. बाई शांत बोलणाऱ्या.

"स्वतःहून गेलेलं बरं," त्या म्हणाल्या. "वॉरंट रद्द करायचा अर्ज देऊ. दंड होतो, नवा जातमुचलका लिहून द्यायचा, की सुटलात. बहुतेक वेळा असंच होतं."

"आणि तसं नाही झालं तर?" मी विचारलं.

"जज्जबाई आत घ्या म्हणाल्या, तर उद्या शुक्रवार. शनिवार चौथा, कोर्टाला सुट्टी. जामिनाचं मग सोमवारीच."

पुढचं त्यांनी सांगायची गरज नव्हती. सरकारी नोकर अठ्ठेचाळीस तास कोठडीत राहिला की निलंबित होतो, हे मास्तरच्या बायकोला पाठ असतं.

शुक्रवारी कोर्टात आमच्याबरोबर बाळासोही आले. शिरोलीच्या फौंड्रीत रजा टाकून आले होते. मंडळाची केस म्हटल्यावर आलंच पाहिजे, हा त्यांचा हिशेब. वकीलबाई केसची फाईल बघायला आत गेल्या आणि परत आल्या त्या वेगळाच चेहरा घेऊन.

"सर, तुम्ही आधी तीन तारखांना हजर होता?"

"मी? मी कोर्टात पहिल्यांदा पाय ठेवतोय."

"कोर्टाच्या रोजनाम्यात तसं लिहिलंय. डिसेंबर एकोणीस, जानेवारी वीस, फेब्रुवारी वीस. आरोपी हजर. मुचलक्यावर सहीसुद्धा आहे."

त्यांनी मोबाईलवर काढलेला फोटो दाखवला. मोठा गोल, त्यातून आडवी रेघ आणि शेवटी खाली ओढलेला फाटा. ही सही ह्यांची नव्हे. पण ती मी वर्गणीच्या पावतीवर बघितली होती. मी मागे वळून बाळासोंकडे पाहिलं. ते पाण्याच्या बाटल्या घेऊन येत होते.

"माझीच की ती!" फोटो बघून ते खूश झाले. "तीन तारखा केल्या वैनी मी. फौंड्रीत खाडं पडलं, पगार कापला, पर कुणाला एका शब्दानं बोललो न्हाय."

"अहो पण नाव ह्यांचं पुकारलं असेल ना?"

"नाव सरांचं, पर पद माझं हुतं की. पावतीपुस्तकावर न्हाय का, नाव जुन्या अध्यक्षाचं छापल्यालं असतंय आन् सही नवा अध्यक्ष करतोय? तसंच. मग लॉकडाऊन पडला. फुडं अध्यक्ष बदलला, त्येला फाईल दिली मी. त्यो गेलाच न्हाय व्हय?"

वकीलबाईंनी डोळे मिटून घेतले. मग आम्हा दोघांना जिन्याजवळ बाजूला नेलं.

"खरं सांगितलंत तर ही तोतयेगिरी ठरते. चौकशी लागेल आणि हा माणूस आत जाईल. तेव्हाचे वकील वारलेत, म्हणजे सगळं ह्याच्याच अंगावर. आणि तो मीच होतो म्हणालात, तर केस माहीत असूनही तुम्ही पाच वर्षं फिरकला नाहीत असं होतं. मग जज्जबाईंनी तुम्हाला का सोडावं? आणि ते खोटं असेल. खोटं बोला असं मी सांगणार नाही. मी अर्ज चालवते, उत्तर तुमचं तुम्ही द्या."

मला बाळासोंची दया आली नाही. त्यांची दोन पोरं मला माहीत होती, अंथरुणाला खिळलेली आई चिमणाबाई माहीत होती. तरी मनात एकच होतं, ह्याला द्या आणि माझा माणूस घरी न्या. आज सांगताना लाज वाटते. त्या जिन्याजवळ अजिबात वाटली नाही.

"खरं सांगा," मी ह्यांचा दंड धरून म्हटलं. "त्याची चूक त्याच्यापाशी."

त्यांनी लांब उभ्या असलेल्या बाळासोंकडे पाहिलं. मग म्हणाले, "मंडळात चौदा माणसं होती, विद्या. माझ्या केसला गेला तो हा एकटा."

तेवढ्यात पुकारा झाला. "शिवप्रसाद शिवाप्पा मगदूम!"

ते आत जाऊन उभे राहिले. मी शेवटच्या बाकावर बसले. बाळासो माझ्याशेजारी, पाहुण्यांच्या घरी बसावं तसे गुडघ्यांवर हात ठेवून. सरकारी वकिलांनी सांगितलं, आरोपी फरार होता, कोठडीत घ्यावं. आमच्या बाई म्हणाल्या, स्वतःहून आलेत, नोकरी आहे, पत्ता पक्का आहे. जज्जबाई फाईल चाळत होत्या.

"तुम्ही सुरुवातीला तीन तारखांना आलात. मग पाच वर्षं कुठं होता?"

माझ्या तोंडात 'ते नव्हते आले' हे शब्द येऊन थांबले होते. नुसतं उभं राहायचं होतं मला.

"चूक झाली, मॅडम," हे म्हणाले. "मंडळातलं कुणीतरी बघेल असं वाटलं."

"पण आला होता ते तुम्हीच?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "हो."

जज्जबाई परत फाईल चाळायला लागल्या. दारात उभ्या असलेल्या पोलिसाच्या हाताकडे मी बघत होते, तो हात कुणाच्या खांद्यावर पडतो याची वाट बघत.

"शिक्षक आहात," त्या अखेर म्हणाल्या. "तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. दोन हजार दंड. वॉरंट रद्द. नवा जातमुचलका घ्या." मी श्वास सोडला. तेवढ्यात त्यांनी कारकुनाला सांगितलं, "जुन्या मुचलक्यावरची सही पडताळून घ्या."

कारकुनाने जुना कागद काढला आणि नव्याच्या शेजारी ठेवला. हे सही करतात ती छापल्यासारखी, पूर्ण नाव, एकेक अक्षर सुटं. आता ते नाव कागदावर उमटलं की दोघंही गेले, हे आणि बाळासोही. वकीलबाई जमिनीकडे बघत होत्या.

ह्यांनी पेन घेतलं आणि तसंच धरून ठेवलं.

"करा की सर," कारकून म्हणाला.

मग ह्यांचा हात मी कधी पाहिला नव्हता तसा हलला. मोठा गोल. आडवी रेघ. खाली फाटा. बावीस वर्षांच्या संसारात या माणसाने एवढीशी खोटी हजेरीसुद्धा लावलेली मला माहीत नाही.

कारकुनाने हा कागद बघितला, तो बघितला, परत हा बघितला. "सही हलल्याली दिसत्या," म्हणाला.

"घाबरलोय," हे म्हणाले. ते तर खरंच होतं.

कारकुनाने शिक्का मारला. पुढची तारीख मिळाली, अठ्ठावीस.

आम्ही बाहेर गाड्या लावल्या होत्या तिथे आलो. बाळासो आनंदात होते. आतलं निम्मं त्यांना ऐकू आलं नव्हतं आणि उरलेलं कळलं नव्हतं.

"बगा, मिटलं का न्हाय! आता अठ्ठाविसला शाळा बुडवू नका सर. मी करतो की ती तारीख."

मी तोंड उघडलं होतं. सात वर्षांचं सगळं त्यांच्या अंगावर टाकणार होते. ह्यांनी हातानेच मला थांबवलं.

"नको बाळासो. केस संपेपर्यंत आता मलाच यायला लागेल." त्यांनी खिशातून कागद आणि पेन काढलं आणि बाळासोंच्या मोटारसायकलच्या सीटवर ठेवलं. "तुमची सही जरा सावकाश करून दाखवा. शेवटचा फाटा मला जमला नाही."

बाळासो हसले. ह्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि ते हसू तिथंच गेलं. मोठा गोल त्यांनी कसाबसा काढला. पुढची रेघ न ओढताच पेन उचललं.

"काढा," हे म्हणाले. "मी बघतोय."